घरातील अग्लोनेमा : उजेड पाहून पाणी द्या

खालापूर आणि कर्जत तालुक्यांत खरिपात भात आणि भातानंतर ओलीवर वाल ही वर्षानुवर्षांची पीकपद्धती आहे. त्याच्या जोडीला आता शोभिवंत झाडांच्या लहान रोपवाटिकाही दिसू लागल्या आहेत. मुंबई-पुणे रस्ता जवळ, नवी मुंबईची गिऱ्हाईके जवळ आणि दोन-चार गुंठ्यांत शेडनेट उभारता येते, त्यामुळे हा जोडधंदा अनेकांना जमतो. घरात ठेवायच्या पानांच्या झाडांमध्ये अग्लोनेमाला चांगली मागणी असते. मात्र हे झाड विकल्यानंतर घरात किती दिवस टिकते, याकडे उत्पादकाचे फारसे लक्ष नसते. नुकसान तिथेच होते.

गेल्या ऑगस्टमध्ये मी खालापूर तालुक्यातील एका छोट्या रोपवाटिकेत गेलो होतो. त्याच वेळी नवी मुंबईहून एक ताई गाडीच्या डिकीतून तीन कुंड्या घेऊन आल्या. जूनमध्ये नेलेली झाडे होती. खालची पाने पिवळी पडून लोंबत होती आणि बुंध्याजवळ दाबले तर बोट आत जात होते. मी एक कुंडी उलटी करून झाड बाहेर काढले. मुळे काळी, मऊ आणि वास मारणारी. "पाणी कसं देत होता?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "रोज. एक दिवसही चुकवला नाही. यांनीच सांगितलं होतं, रोज थोडं थोडं घाला म्हणून."

रोपवाटिकेच्या मालकाने मान खाली घातली. त्याने खोटे सांगितले नव्हते. तो स्वतः उन्हाळ्यात शेडनेटमध्ये रोजच पाणी देत होता आणि त्याची झाडे उत्तम होती. त्याच्या जागेसाठी बरोबर असलेला सल्ला त्या ताईंच्या बैठकीच्या खोलीसाठी चुकीचा ठरला. त्याने तीन नवीन कुंड्या पदरच्या दिल्या. झाड जपणारे गिऱ्हाईक आणि मेहनतीने झाड वाढवणारा शेतकरी, दोघांचेही नुकसान झाले.

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. घरात अग्लोनेमा का मरते, ते कसे टिकवावे आणि विकणाऱ्याने त्यासाठी आधी काय करावे, हे क्रमाने पाहू.

अग्लोनेमा हे अळूच्या कुळातले झाड

अग्लोनेमाचे मूळ आग्नेय आशियातील दमट जंगलात आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत, जमिनीवर साचलेल्या पालापाचोळ्यात ते वाढते. आपल्या ओळखीचे अळू, सुरण आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला रानात मिळणारे शेवळ ही सगळी याच कुळातली. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, डायफेनबेकिया, पीस लिली आणि झेडझेड प्लांट हीसुद्धा त्यांचीच भावंडे आहेत. त्यामुळे अग्लोनेमाबद्दल जे समजेल, ते थोड्याफार फरकाने या सर्वांना लागू पडते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. परसातले अळू सांडपाण्याच्या कडेला, ओल्या चिखलात मजेत वाढते. म्हणून अळूच्या कुळातल्या सगळ्याच झाडांना पाणी आवडते असे वाटू शकते. अग्लोनेमा तसे नाही. ते पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात वाढलेले झाड आहे. तिथे पाऊस पडतो, पाणी निथळून जाते आणि मुळांभोवती ओल व हवा दोन्ही राहतात. कुंडीत हवा राहिली नाही की मुळे गुदमरतात.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक हिरव्या पानांवर चंदेरी पट्टे असलेला आणि दुसरा लाल-गुलाबी पानांचा. लाल रंगाच्या जाती नंतरच्या. इंडोनेशियातील ग्रेगोरी हंबाली यांनी सुमात्रातील लालसर छटेच्या रानटी जातीशी संकर करून तयार केलेली 'प्राइड ऑफ सुमात्रा' ही त्यातली सुरुवातीची गाजलेली जात. पुढे थायलंडमध्येही अनेक रंगीत जाती तयार झाल्या. व्यवहाराच्या दृष्टीने एवढे पुरे की हिरव्या जाती कमी उजेडात निभावून नेतात, लाल जातींना उजेड जास्त लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी लाल जात विकू नये.

घरातला उजेड नेमका किती?

आपल्या डोळ्यांना बैठकीची खोली उजेडाची वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला तसे करता येत नाही. उजेड लक्स या एककात मोजतात. साधारण चित्र असे असते :

- उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर : सुमारे १,००,००० लक्स
- ७५ टक्के शेडनेटखाली : सुमारे २५,००० लक्स
- पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ, थेट ऊन नसताना : १,००० ते ३,००० लक्स
- खोलीच्या मध्यभागी : १०० ते ३०० लक्स
- सोफ्यामागच्या कोपऱ्यात : बहुधा १०० लक्सच्या आत

म्हणजे तुमच्या शेडनेटमधून उचललेले झाड खोलीच्या मधोमध ठेवले, तर त्याला मिळणारा उजेड एका दिवसात शंभर पटीने कमी होऊ शकतो. हा धक्का लहान नाही.

हिरव्या अग्लोनेमाला रोज दहा-बारा तास ५०० लक्सच्या आसपास उजेड मिळाला तर ते तग धरते. १,००० ते २,००० लक्समध्ये ते हळूहळू नवीन पानेही काढते. लाल जातींना १,५०० लक्सच्या पुढे उजेड मिळाला तरच रंग टिकतो, नाहीतर नवीन पाने हिरवट येतात.

लक्स मोजण्याचे ॲप मोबाईलवर मोफत मिळते. ते अगदी अचूक नसले तरी दोन जागांची तुलना करायला पुरते. मोबाईल नसेल तर सकाळी अकराच्या सुमारास दिवे बंद करून झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवावा. त्यावर एक फूट उंचीवर हात धरावा. हाताची सावली ठळक, रेखीव पडली तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट पण ओळखू येईल अशी असली तर हिरव्या अग्लोनेमासाठी जागा योग्य आहे. सावली दिसलीच नाही तर तिथे झाड ठेवू नये.

थेट ऊन मात्र टाळावे. पश्चिमेच्या खिडकीतले दुपारचे ऊन पानांवर पांढरट-तपकिरी चट्टे पाडते. तिथे पातळ पडदा लावावा किंवा कुंडी तीन-चार फूट आत घ्यावी.

उजेड कमी, तर पाणी कमी

झाड पाणी कशासाठी घेते, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. मुळांनी घेतलेल्या पाण्याचा बहुतेक भाग पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन उडून जातो. ही छिद्रे प्रामुख्याने उजेडात उघडतात. उजेड जास्त, हवा कोरडी आणि वारा वाहता असेल तर पाणी झपाट्याने खर्च होते. उजेड कमी, हवा दमट आणि खोली बंद असेल तर खर्च अगदी थोडा असतो.

शेडनेटमध्ये एप्रिलच्या दुपारी जे झाड दिवसभरात कुंडीतली ओल संपवते, तेच झाड खोलीत तेवढीच ओल आठवडाभर पुरवते. अशा वेळी रोज कपभर पाणी घातले तर वरची माती ओली दिसते आणि कुंडीच्या तळाशी पाणी साचून राहते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही, ती मरू लागतात आणि मेलेल्या मुळांवर पिथियमसारख्या बुरशी वाढतात.

पुढचा भाग जास्त फसवा आहे. मुळे कुजली की झाडाला पाणी शोषता येत नाही, म्हणून पाने मलूल होतात. घरच्या माणसाला वाटते झाड तहानले. ते आणखी पाणी घालतात. अशा प्रकारे भरल्या कुंडीत झाड पाण्यावाचून मरते.

म्हणून पाणी वार ठरवून देऊ नये. कुंडी तपासून द्यावे. त्यासाठी तीन साध्या पद्धती आहेत :

१. बोट : मधले बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. ओलावा लागला तर पाणी देऊ नये.

२. काडी : जळून गेलेल्या अगरबत्तीची बांबूची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचावी. पाच मिनिटांनी काढावी. काडी ओली, गडद झाली असेल तर थांबावे. वर कोरडे आणि तळाशी ओले ही स्थिती फक्त काडीनेच कळते.

३. वजन : पाणी दिल्यानंतर कुंडी एकदा उचलून पाहावी आणि कोरडी झाल्यावर पुन्हा उचलावी. दोन-तीन वेळा असे केले की हाताला अंदाज येतो.

पाणी देताना मात्र कंजुषी करू नये. सहा इंची कुंडीला पाव ते अर्धा लिटर पाणी सावकाश, सगळीकडून घालावे. खालच्या भोकातून थोडे बाहेर येऊ द्यावे. पंधरा-वीस मिनिटांनी बशीतले पाणी ओतून टाकावे. थोडे थोडे रोज देण्यापेक्षा पोटभर देऊन मग कोरडे होऊ देणे, ही अग्लोनेमाची पद्धत आहे.

आपल्या भागातला पावसाळा : दुहेरी अडचण

कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हवेत ओल भरलेली असते आणि आकाश दिवसेंदिवस ढगाळ राहते. म्हणजे पाण्याचा खर्च कमी करणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. घरात खिडक्या बंद असतात, त्यामुळे वाराही नसतो.

माझ्या घरी पूर्वेच्या खिडकीजवळ सहा इंची कुंडीत हिरवे अग्लोनेमा आहे. मे महिन्यात ते पाच दिवसांत पाणी मागते. जुलैत तीच कुंडी, तीच जागा, बारा-तेरा दिवस थांबते. तुमच्या घरी हे आकडे वेगळे येतील, पण फरक याच दिशेचा असेल. रोपवाटिकेतल्या त्या ताईंची झाडे जूनमध्ये घरी गेली आणि ऑगस्टमध्ये कुजली, हा योगायोग नव्हता.

पावसाळ्यात पुढील काळजी घ्यावी :

- कुंडी खिडकीच्या एक-दीड फूट आणखी जवळ न्यावी. ढगाळ दिवसांत ऊन लागण्याची भीती नसते.
- कुंडीचा वरचा अर्धा भाग कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये.
- पानांवर पाणी फवारू नये. कोकणातल्या हवेत त्याची गरज नाही. ओल्या पानांवर करपा मात्र लवकर येतो.
- "झाडाला पावसाचं पाणी चांगलं" म्हणून कुंडी रात्रभर पावळीखाली ठेवू नये. ठेवायचीच तर तास-दोन तास, आणि नंतर पूर्ण निथळू द्यावी.

कुंडी आणि मिश्रण

शेतातली लाल माती एकटी वापरू नये. कुंडीत ती दोन-तीन महिन्यांत घट्ट बसते. आपल्या भागात भाताच्या गिरण्या असल्याने तूस सहज मिळते. ते अर्धवट जाळून, काळे झाल्यावर पाणी मारून विझवावे. राख होऊ देऊ नये. हे काळे तूस मिश्रण हलके ठेवते. प्रमाण असे घ्यावे :

- धुतलेले कोकोपीट : २ भाग
- काळे तूस : १ भाग
- चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत : १ भाग
- विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू : १ भाग

कोकोपीटमध्ये क्षार असतात. ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावे, नाहीतर पानांची टोके जळतात. मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा.

कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा फार मोठी नको. चार इंची पिशवीतले रोप सहा इंची कुंडीत जावे, दहा इंचीत नाही. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तिथली माती महिनाभर ओली राहते.

चिनी मातीच्या देखण्या कुंड्यांना बऱ्याचदा तळाला भोक नसते. गिऱ्हाईक अशी कुंडी घेऊन आले तर झाड थेट तिच्यात लावून देऊ नये. झाड प्लॅस्टिकच्या कुंडीतच ठेवावे आणि ती कुंडी आत बसवावी. पाणी देताना आतली कुंडी बाहेर काढून द्यावे, निथळल्यावर परत ठेवावी.

खत, तापमान, पाने पुसणे

घरातले झाड सावकाश वाढते, म्हणून त्याला खतही कमी लागते. मार्च ते ऑक्टोबरमध्ये १९:१९:१९ हे विद्राव्य खत १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून महिन्यातून एकदा पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत बंद ठेवावे. कोरड्या मातीत खताचे पाणी देऊ नये. आजारी झाडाला खत देऊन ते सुधारत नाही, उलट उरलेली मुळेही जळतात.

तापमान १८ ते ३० अंशांदरम्यान चांगले. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगला गारठा असतो. तेव्हा कुंड्या ओटीवर किंवा उघड्या गॅलरीत ठेवू नयेत. पारा १२-१३ अंशांच्या खाली गेला तर पानांवर काळपट, तेलकट दिसणारे डाग पडतात. वातानुकूलन यंत्राचा थेट झोतही टाळावा.

पाने पंधरा दिवसांतून एकदा ओल्या मऊ कापडाने पुसावीत. धूळ बसली की आधीच थोडा असलेला उजेड आणखी कमी होतो. पानांना तेल, दूध किंवा चकाकी आणणारी द्रावणे लावू नयेत.

उत्पादकांसाठी : विक्रीपूर्वी झाड घरासाठी तयार करा

भाताची लावणी केल्यावर आवण काही दिवस पिवळी पडते आणि मग मूळ धरते. घरात गेलेल्या झाडाचेही तसेच असते. पहिल्या महिन्यात खालची एक-दोन पाने पिवळी पडून गळणे स्वाभाविक आहे. पण झाड तयारी न करता पाठवले तर पाने गळत राहतात.

याचे कारण असे. भरपूर उजेडात वाढलेले झाड जाड, लहान पाने काढते आणि त्याचा रोजचा खर्चही मोठा असतो. उजेड अचानक कमी झाला की पानांत तयार होणारे अन्न खर्चाला पुरत नाही. मग झाड जुनी पाने सोडून देते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपॉप्का येथील केंद्रात कोनोव्हर आणि पूल या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून या विषयावर बरेच काम केले. विक्रीपूर्वी काही आठवडे उजेड आणि खत कमी केले की पानांच्या झाडांची घरातली पानगळ कमी होते, हे त्या कामातून पुढे आले. पद्धत सोपी आहे आणि तिला फारसा खर्च नाही :

- वाढीच्या काळात ७५ टक्के शेडनेट वापरावे. एप्रिल-मे महिन्यांत ५० टक्के नेट अपुरे पडते.
- पावसाळ्यासाठी नेटवर उताराचे प्लॅस्टिक आच्छादन करावे. जुलैतला पाऊस नेटमधून थेट कुंड्यांत उतरतो आणि रोपवाटिकेतच मूळकूज सुरू होते.
- कुंड्या जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा मांडवावर ठेवाव्यात, म्हणजे भोके मोकळी राहतात.
- विक्रीच्या ४ ते ६ आठवडे आधी झाडे वेगळी काढावीत. त्यांच्यावर नेटचा आणखी एक थर टाकावा.
- याच काळात खत बंद करावे. सुरुवातीला एकदा भरपूर साधे पाणी सोडून कुंडीतले साचलेले क्षार धुऊन काढावेत.
- पाण्याच्या पाळ्या हळूहळू लांबवाव्यात.
- मुळे तपासल्याशिवाय झाड विकू नये. दर खेपेतली दोन-तीन झाडे काढून पाहावीत. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी बचत गटांना रोपवाटिकेचे प्रशिक्षण देताना लागवड आणि अभिवृद्धी यांच्याबरोबर हा टप्पाही शिकवावा. बऱ्याचदा प्रशिक्षण रोप तयार झाले की संपते.

लक्षण पाहून काय करावे

*खालची पाने पिवळी, माती ओली, बुंधा मऊ :* जास्त पाणी, मूळकूज. झाड बाहेर काढून काळी मुळे स्वच्छ पात्याने कापावीत. जुनी माती टाकून द्यावी. नवीन मिश्रणात लावून आठवडाभर फक्त ओल ठेवावी. मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळणे फायद्याचे.

*बुंधा पूर्ण सडला, शेंडा टणक :* सडका भाग सोडून वरचे निरोगी कांडे कापावे. ते स्वच्छ पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये लावावे. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटू लागतात. झाड वाचले नाही तरी त्याचे रोप वाचते.

*कापल्यावर चिकट, घाण वासाचा सडा :* जिवाणूजन्य सड. हे झाड वाचवत बसू नये. कुंडीसह वेगळे करून नष्ट करावे, हत्यारे धुऊन निर्जंतुक करावीत.

*पाने मलूल, माती कोरडी, कुंडी हलकी :* पाणी कमी. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवून पूर्ण भिजवावी, मग निथळू द्यावी.

*टोके तपकिरी, वाळलेली :* क्षार साचले किंवा खत जास्त झाले. बोअरचे पाणी जड असेल तर हे लवकर दिसते. दोन महिन्यांतून एकदा भरपूर पाणी सोडून कुंडी धुवावी. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम.

*देठ लांब, पाने दूर दूर, रंग फिका :* उजेड कमी. जागा बदलावी.

*पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे :* पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढावे. नंतर निंबोळी तेल ५ मि.लि. आणि थोडा द्रव साबण प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा करावे. फवारणी घराबाहेर सावलीत करावी. शेतातली रासायनिक कीटकनाशके घरात वापरू नयेत.

*पानांवर बारीक फिके ठिपके, मागे जाळी :* लाल कोळी. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत येतो. पानांची मागची बाजू पाण्याने धुवावी, नंतर वरीलप्रमाणे निंबोळी तेल.

विकताना या तीन गोष्टी खऱ्या सांगा

*खाज.* अळूची पाने नीट शिजली नाहीत तर घसा खवखवतो. त्याचे कारण असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण अग्लोनेमातही असतात. लहान मुलाने किंवा कुत्र्या-मांजराने पान चावले तर तोंडात आग होते, सूज येते. झाड त्यांच्या हाताबाहेर ठेवावे. असे घडलेच तर तोंड पाण्याने स्वच्छ धुवावे. सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. छाटणी करताना हातमोजे घालावेत.

*डास.* कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य विभाग सांगतो तसा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. त्या दिवशी सगळ्या बश्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. रोपवाटिकेतही हेच करावे.

*हवा शुद्ध करणे.* "हे झाड खोलीची हवा शुद्ध करतं" असे फलक अनेक ठिकाणी दिसतात. या समजाचा उगम बराचसा नासाच्या १९८९ च्या अहवालात आहे. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये केलेले होते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. खिडकी-दारातून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे त्यात दिसले. दोन कुंड्यांनी हवा शुद्ध होत नाही. झाड सुंदर आहे, कमी उजेडात जगते आणि घरात हिरवे दिसते, एवढे विकायला पुरेसे आहे.

गिऱ्हाईकाला द्यायची चिठ्ठी

खालील मजकूर छापून प्रत्येक कुंडीबरोबर द्यावा. हाताने लिहून झेरॉक्स काढली तरी चालेल.

१. खिडकीजवळ, थेट ऊन न लागेल अशा जागी ठेवा.
२. रोज पाणी देऊ नका. काडी तळापर्यंत खोचा. ओली आली तर थांबा.
३. पाणी द्याल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि बशी रिकामी करा.
४. पावसाळ्यात पाण्याच्या पाळ्या निम्म्याहून कमी करा.
५. पहिल्या महिन्यात एक-दोन पाने पिवळी पडतील. घाबरू नका, जास्त पाणी देऊ नका.
६. लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा.
७. शंका आली तर पानाचा आणि मातीचा फोटो आम्हाला पाठवा.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फोटो वेळेवर आला तर बहुतेक झाडे वाचतात आणि गिऱ्हाईकही टिकते.

सुरुवातीला सांगितलेल्या रोपवाटिकेच्या मालकाने दिवाळीनंतर अशी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली आणि विक्रीची झाडे नेटच्या दुहेरी थराखाली हलवली. यंदा पावसाळ्यात मी गेलो तेव्हा त्याने मोबाईल पुढे केला. त्या ताईंनी फोटो पाठवला होता. तीनपैकी एका झाडाचे एक पान पिवळे पडले होते आणि खाली विचारले होते, "काडी ओली येतेय, थांबू ना?" त्याने उत्तर दिले होते, "हो ताई, थांबा. कुंडी खिडकीकडे सरकवा."